कोणाला आहे मुतखडा?

रस्त्याकडेचा झाडपाला तोडणारा माणूस दोनच कारणांनी तो तोडत असतो, यावर आपल्या समाजाचं एकमत आहे. एक तर घरी गणपती बसलेत, नाहीतर घरात कोणाला तरी काहीतरी झालंय. गणपती जाऊन महिना उलटला होता. त्यामुळे कॅनॉलच्या कडेला कात्री आणि पिशवी घेऊन वाकलेल्या माझ्याकडे येणारे-जाणारे दुसऱ्या कारणाच्या नजरेने बघत होते.

खरं कारण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. कोजागिरीला बायकोच्या माहेरची मंडळी येणार होती आणि दिवाणखान्याच्या कोपऱ्यात 'काहीतरी उंच' हवं होतं. ते दुकानात मिळतं. पंपास नावाचं दक्षिण अमेरिकेतलं गवत, वाळवलेलं. त्याच्या चार काड्यांची जी किंमत सांगितली, तेवढ्यात गावाकडची म्हैस आठवडाभर ओला चारा खाऊन वर दूधही देईल. "गवताचे पैसे मोजायचे?" असं मी दुकानात जरा मोठ्यानेच म्हणालो. "मग तू आण की. बाहेर फुकट उगवलंय," बायको म्हणाली. माणसाच्या तत्त्वांची इतकी तातडीने अंमलबजावणी फक्त घरातच होते.

तिने मागे एका सुट्टीत इकेबानाचा, म्हणजे जपानी पुष्परचनेचा, वर्ग केला होता. त्यामुळे यादी शास्त्रशुद्ध होती : एक उंच, एक मध्यम, एक खाली झुकणारं आणि मधल्या पोकळीत भरायला काहीतरी बारीक पांढरं. सोनकी आणावी असं मनात होतं, पण ती गडावर, आणि गडावरचं फूल तोडणाऱ्याला कोण काय बोलेल याचा नेम नाही. कासचं पठार तर 2012 पासून जागतिक वारशात आहे. तेव्हा कोणालाच नको असलेल्या झाडांवर भागवायचं ठरलं. पुण्यात ऑक्टोबरमध्ये अशा झाडांची ददात नसते.

कॉसमॉसपासून सुरुवात केली. हा मूळचा मेक्सिकोचा. बागेतून निसटला आणि टेकड्याच्या टेकड्या केशरी-पिवळ्या करून बसला. निसर्गप्रेमी मंडळी तो उपटायच्या मोहिमा काढतात, त्यामुळे तोडताना थोडं पुण्यही पदरात पडत होतं. मग कुर्डू दिसला. पांढरे-गुलाबी तुरे, ताठ, अगदी यादीतला 'उंच'. पहिला तुरा कापला आणि मागून आवाज आला, "कोणाला आहे?"

आमच्याच सोसायटीतले काका फिरायला निघाले होते.

"काय कोणाला आहे?"

"मुतखडा हो. कुर्डूचं बी त्यासाठीच नेतात ना? पण त्याने एकदम पडत नाही. वेळ लागतो."

मी म्हटलं, काका, हे शोभेसाठी आहे. काकांनी माझ्याकडे ज्या समजूतदारपणे पाहिलं, त्यावरून कळलं की त्यांच्या लेखी मी आता लाजाळू रुग्ण झालो होतो. ते गेले आणि शेळ्या घेऊन आलेल्या एक आजी थांबल्या. "आता काय करतोस त्याचं? पार जून झालं की. श्रावणात यायचं, कोवळी खुडायची, भाजी लई ग्वाड लागती." त्यांनाही शोभेचं कारण सांगितलं. त्या थोडा वेळ शेळ्यांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "घरी बाईमाणूस हाय न्हवं?"

आघाड्याला हात घातला तेव्हा मात्र एक अनोळखी गृहस्थ स्कूटर थांबवून, आवाज खाली आणून म्हणाले, "मूळव्याध वाईट हो." मी मान डोलावली. आता वाद घालण्यात अर्थ नव्हता.

शिवाय मला दुसराच व्याप होता. पावसाळ्यानंतरच्या झाडांना फुलण्यात रस उरलेला नसतो, त्यांना प्रवासाला निघायचं असतं, आणि फुल पँट घातलेला माणूस ही त्यांची एस.टी. आघाड्याचं बी उलट्या काट्यांनी बाहीला धरतं. तेरड्याच्या बोंडाला नुसता हात लागला की ते फटकन फुटून बी तोंडावर उडवतं. आणि कुसळ! कुसळाच्या टोकाला अणकुचीदार बी असतं आणि मागे पीळ पडलेली लांब शेपटी. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की परत बसतो, आणि या गिरमिटाने बी जमिनीत शिरतं. मेंढपाळांना हे ठाऊक आहे, कारण ते मेंढीच्या कातडीतही शिरतं. माझ्या मोज्यात घामाची ओल भरपूर होती.

स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल नावाच्या इंजिनिअरने 1941 साली फिरून आल्यावर कपड्यांना आणि कुत्र्याला चिकटलेली काटेरी बोंडं सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि त्यातून त्याला वेल्क्रो सुचला. मला दारातच उभं करून बायकोने एवढंच सुचवलं की पँट बाहेरच काढ.

बारीक पांढरं म्हणून गाजर गवत चालेल, असं तिचं मत होतं. दिसायला ते थेट फुलवाल्याकडच्या जिप्सोसारखं, हे मान्य. पण अमेरिकन गव्हाबरोबर आलं असं म्हणतात ते, 1950 च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा लोकांच्या डोळ्यांवर आलेलं हेच ते काँग्रेस गवत. अंगाला लागलं तर खाज, नाकात गेलं तर शिंका. माझं हे व्याख्यान संपेपर्यंत तिच्या चार शिंका झाल्या होत्या. गवत कचऱ्यात गेलं. मधली पोकळी तशीच राहिली.

इकेबानात काड्या रोवायला केनझान नावाची खिळ्यांची जड तबकडी लागते. आमच्याकडे बटाटा होता. अर्धा कापून आजीच्या घंगाळात पालथा घातला आणि त्यात एकेक काडी खोचली. तासाभर ते खरोखर सुंदर दिसत होतं. मग तेरड्याने मान टाकली. 'खाली झुकणारं' म्हणून बायकोने ते चालवून घेतलं. कॉसमॉसच्या पाकळ्या सतरंजीवर आल्या. संध्याकाळपर्यंत फक्त कुर्डू आणि कुसळाचं गवत उभं होतं, आणि कुसळंसुद्धा पंख्याच्या वाऱ्याने सोफ्याकडे निघाली होती.

पाहुणे आले. मेहुण्याने कोपऱ्याकडे पाहून विचारलं, "वास्तुदोषासाठी आहे का?" त्याची बायको सोफ्यावर बसली आणि लगेच उठली.

दूध आटत असताना बेल वाजली. दारात सोसायटीतल्या काकू, हातात झाकलेलं पातेलं. "काकांनी सांगितलं. कुळथाचं कढण आहे, दिवसातून दोनदा घ्यायचं. आणि लाजायचं नाही, आमच्या ह्यांनाही झाला होता."

अख्खं सासर माझ्याकडे बघत होतं. लसणाची फोडणी दारापर्यंत घमघमत होती. मी मुतखड्याबद्दल काहीही खुलासा न करता वाटी आणायला स्वयंपाकघरात गेलो.