‘कुणाकडून लिहून आणलंस?’

आज सकाळी कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आलं. शेक्सपिअरने म्हणे काहीच लिहिलं नाही, नाटकं कुणा उमरावाने लिहिली आणि याचं नुसतं नाव लावलं. कारण काय, तर ‘चामड्याचे हातमोजे शिवणाऱ्या अडाणी माणसाच्या पोराला राजदरबार, कायदा, इटली, लॅटिन एवढं सगळं कळणं शक्यच नाही’. खाली चार जणांचे अंगठे. आणि जिच्या वाचनाबद्दल मला कायम आदर वाटत आला त्या मैत्रिणीने लिहिलंय, ‘विचार केला तर पटतं.’

तव्यावर चपाती करपली, मी फोन धरून तशीच उभी. दिवसभर ऑफिसात कामात लक्ष लागलं नाही. आता जेवणं उरकून लिहायला बसलेय, लांबलं तर लांबू दे.

मी चांभाराची मुलगी. आप्पा कोल्हापुरी शिवायचे. तरुणपणी काही वर्षं ते कातडं कमावायच्या कामावरही होते, त्यामुळे बाभळीची साल आणि हिरडा यांचा रंग त्यांच्या हातांतून शेवटपर्यंत गेला नाही. आई आणि मी वाद्यांच्या, म्हणजे कातड्याच्या पट्ट्यांच्या, वेण्या घालायचो. माझा अभ्यास त्याच खोलीत, एका बाजूला चपलांचे फरमे, कातडं कापायची रापी, टोचायची आरी आणि दुसऱ्या बाजूला माझी पुस्तकं.

टी. वाय. बी. ए.ला इंग्रजी घेतलं होतं. ‘हॅम्लेट’ लावलेलं. पाचव्या अंकातल्या स्मशानाच्या प्रवेशावर निबंध लिहून आणायचा होता. त्यात हॅम्लेट कबर खणणाऱ्याला विचारतो, माणूस मातीत कुजायला किती वर्षं लागतात? तो म्हणतो, आठ-नऊ वर्षं, पण कातडं कमावणारा असेल तर नऊ वर्षं नक्की टिकेल. का? तर त्याच्या धंद्याने त्याचं स्वतःचंच कातडं इतकं कमावलेलं असतं की ते बराच काळ पाणी आत येऊ देत नाही. गाइडमध्ये या ओळीपुढे एवढंच होतं, ‘विनोद’.

मी आप्पांना विचारलं, हे खरं असतं का हो? ते हातातली वादी खाली ठेवून म्हणाले, “खरं न्हाई तर काय. हात बघ की माझं.” आणि तांब्यातलं पाणी तळहातावर ओतून दाखवलं. पाणी तळव्यावर जरासुद्धा न रेंगाळता ओघळून गेलं. मग म्हणाले, “ज्यानं हे लिवलंय, त्येच्या घरात कातडं हुतं बघ.”

आप्पांना शेक्सपिअर कोण हे माहीत नव्हतं. त्याचा बाप कातड्याचं काम करायचा हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

मी ते सगळं निबंधात लिहिलं. सरांनी वर्गात मला उभं केलं. म्हणाले, वडील काय करतात? मी म्हटलं, धंदा. मागून एक मुलगा म्हणाला, चपला शिवतात. सर निबंधाकडे बघत म्हणाले, “मग हे कुणाकडून लिहून आणलंस?”

आज ते फॉरवर्ड वाचलं आणि पुन्हा त्या बाकाजवळ जाऊन उभी राहिले.

आता नीट ऐका. जॉन शेक्सपिअर, स्ट्रॅटफर्डच्या हेन्ली स्ट्रीटवर राहणारा, हातमोजे शिवायचा. मऊ पांढरं कातडं कमावायचं कामही त्याचंच. ते सालीत नाही, तुरटी-मिठात कमावतात. रस्त्यात उकिरडा केला म्हणून १५५२ मध्ये त्याला दंड झाला होता. तोच माणूस १५६८ मध्ये गावाचा कारभारी झाला. पुढे कर्जात गेला, पत घसरली. विल्यम हा त्याचा मुलगा, २६ एप्रिल १५६४ ला बाप्तिस्मा झालेला. गावात व्याकरणशाळा होती, लॅटिन पाठ करून घेणारी. कारभाऱ्याच्या मुलाला तिचं दार उघडं होतं. हो, त्या काळचा शाळेचा पट उरलेला नाही, त्यामुळे त्याचं नाव दाखवता येत नाही. बरं. मग त्या शाळेतल्या बाकीच्या मुलांचीही नावं दाखवता येत नाहीत, म्हणून काय शाळा रिकामी होती?

आणि कातडं बघायचं असेल तर नाटकं उघडा. ‘ट्वेल्थ नाइट’मधला विदूषक म्हणतो, हुशार माणसाच्या हातात वाक्य म्हणजे करडाच्या कातड्याचा हातमोजा, आतली बाजू बाहेर यायला वेळ लागत नाही. ‘मेरी वाइव्ज’मध्ये एका बाईला एका माणसाची दाढी आठवते ती कशी, तर हातमोजे शिवणाऱ्याच्या रापीसारखी मोठी नि गोल. आमच्या रापीचं पातं मी डोळे मिटून काढून दाखवीन, तसंच आहे ते. ‘ज्युलिअस सीझर’ सुरू होतं आणि पहिल्याच प्रवेशात आरीवर पोट भरणारा चांभार रोमच्या अधिकाऱ्यांना शब्दात पकडून निरुत्तर करतो. म्हणतो, गाईच्या कातड्यावर पाय ठेवून चालणारे भलेभले माझ्या हातच्या कामावर चाललेत. कुठल्या उमरावाला हे सुचेल सांगा मला? उमरावाने हातमोजा घातलेला असतो. त्याची शिवण आतून बघितलेली नसते.

हे आजचं नाही. शेक्सपिअर जिवंत असतानाच सुरू झालं होतं. १५९२ मध्ये रॉबर्ट ग्रीनच्या नावाने एक पुस्तिका छापली गेली. ग्रीन त्याच काळातला नाटककार, केंब्रिजचा एम. ए. त्यात याला म्हटलंय, आमच्या पिसांनी नटलेला उपटसुंभ कावळा. नटाच्या कातड्यात गुंडाळलेलं वाघाचं काळीज. कातड्यात! तेव्हा निदान एवढं तरी मान्य होतं की कावळा स्वतःच लिहितोय. १८५७ ला डेलिया बेकन या बाईचं पुस्तक आलं, नाटकं शेक्सपिअरची नव्हेतच म्हणणारं, आणि तेही काढून घेण्याची रीत पडली. १९२० मध्ये नवा दावेदार सापडला, ऑक्सफर्डचा अर्ल. हा अर्ल १६०४ मध्ये वारला. ‘किंग लिअर’, ‘मॅकबेथ’, ‘टेम्पेस्ट’ त्यानंतरची. यावरही त्यांच्याकडे उत्तर तयार असतं, लिहून ठेवून गेला म्हणे. मेलेला अर्ल चालतो यांना, जिवंत चांभार चालत नाही.

(हातमोजे शिवणारा आणि चांभार एक नव्हेत, माहीत आहे मला. विलायतेत जातही नव्हती आपल्यासारखी. पण ‘अशा घरातून असं येणं शक्यच नाही’ हे वाक्य मी दोन्हीकडे ऐकलंय आणि त्याचा सूर मला ओळखता येतो.)

आपल्याकडे तरी काय वेगळं झालं? तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या ते अभंग वाईट होते म्हणून नव्हे. या तोंडातून ते यायला नको होते म्हणून. आणि १८८३ मध्ये ज्या आगरकरांनी ‘हॅम्लेट’ ‘विकारविलसित’ म्हणून मराठीत आणलं, ते एका सदऱ्यावर शिकलेले, तो रात्री धुऊन सकाळी घालणारे. त्यांना कुणी विचारलं नाही, कुणाकडून लिहून आणलंत. का विचारलं नाही हे आपल्या मंडळींना मी समजावून सांगायची गरज नाही.

शेक्सपिअरच्याच काळातला नाटककार बेन जॉन्सन, त्याचंच घ्या. सावत्र बाप गवंडी, स्वतः विटा रचलेल्या, विद्यापीठ नाही, तरी लिहिलंच. दुसरा नाटककार ख्रिस्तोफर मार्लो, कँटरबरीच्या चांभाराचा मुलगा, शेक्सपिअरच्याच वर्षी जन्मलेला. पण तो केंब्रिजला गेला, पदवी घेतली, म्हणून त्याने लिहिलेलं चालतं. म्हणजे यांना शिक्का पाहिजे. लिहिलेलं कसं आहे ते कुणीही वाचत नाही, सगळे दाखला मागतात.

माझ्याही निबंधात दाखलाच मागितला होता.

...

मघाशी चहा घेऊन आले. जरा शांत झाले.

खरं सांगायचं तर शेक्सपिअरच्या घरातल्या काही गोष्टी मलाही टोचतात. त्याच्या हाताच्या सहा सह्या उरल्यात, एका नाटकातली काही पानं त्याच्या अक्षरातली मानतात, बाकी काही नाही. धाकटी मुलगी जुडिथ सहीच्या जागी खूण करायची. एवढ्या मोठ्या लेखकाच्या मुलीला सही येऊ नये? याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि वाईट वाटतं एवढंच सांगते. तिचा जुळा भाऊ हॅम्नेट ११ वर्षांचा होऊन गेला. १५९६ चा ऑगस्ट, ११ तारखेला गावातच पुरला. त्या कबर खणणाऱ्याच्या तोंडचे ते शब्द मुलाला मातीत ठेवल्यानंतर तीन-चार वर्षांतले. किती वर्षांत माणूस कुजतो, हा प्रश्न हॅम्लेट नावाचा मुलगा विचारतो. निबंध लिहिताना मला हे माहीत नव्हतं. आता ती ओळ वाचताना ‘विनोद’ म्हणवत नाही.

आणखी एक. १५९३ मध्ये त्याची पहिली कविता छापून आली. प्लेगमुळे नाटकगृहं बंद, पोटासाठी कविता. छापणारा कोण? रिचर्ड फील्ड, स्ट्रॅटफर्डचाच, कातडं कमावणाऱ्याचा मुलगा. त्याचा बाप वारला तेव्हा घरातल्या चीजवस्तूंची मोजदाद करायला जॉन शेक्सपिअर गेला होता. दोन कातडेवाल्यांची पोरं लंडनमध्ये भेटतात, एक लिहितो, दुसरा छापतो. मला हे वाचून रडू आलं होतं. एकमेकांना वास ओळखीचा असेल.

मरताना त्याने तीन नटमित्रांना अंगठ्या घ्यायला पैसे ठेवले. त्यातल्या दोघांनी, हेमिंग्ज आणि काँडेल यांनी, १६२३ मध्ये त्याची ३६ नाटकं एका जाड ग्रंथात छापली. त्यातली १८ आधी कधीच छापलेली नव्हती. ‘मॅकबेथ’ गेलं असतं, ‘टेम्पेस्ट’ गेलं असतं. वीस-वीस वर्षं ज्यांनी त्याच्याबरोबर रंगमंचावर उभं राहून त्याचे शब्द पाठ केले, त्यांना तो कोण होता ते माहीत नव्हतं आणि आपल्या ग्रुपला माहीत आहे!

पुन्हा चढतोय राग. जाऊ दे.

तो निबंध माझ्याकडे आहे. आप्पांनी विचारलं होतं, “काय म्हणालं मास्तर?” मी म्हटलं, चांगलं म्हणाले. त्यांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फरम्यांच्या पेटीत ठेवला. ते गेल्यावर पेटी उघडली तेव्हा सापडला. कातड्याचा वास लागलाय कागदांना. कमावणाऱ्याच्या हातांचा परिच्छेद आहे ना, त्याच्याच शेजारी समासात लाल शाईचं प्रश्नचिन्ह आहे.

इतकी वर्षं मला सरांचा राग होता. आज दिवसभर जे छळतंय ते वेगळंच आहे. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर होतं. तो परिच्छेद मी कुणाकडून तरी खरंच आणला होता. आणि मी मान खाली घालून उभी राहिले, कारण वर्गात ते नाव घ्यायची मला लाज वाटली. त्याला वाटली नाही. लंडनच्या भर गर्दीत त्याने बापाची रापी, बापाचं कातडं, गावातल्या शेजाऱ्याचे हात लोकांसमोर मांडले.

आत्ता त्या पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकलाय. लाल प्रश्नचिन्हाखाली आज पेनाने लिहिलं, ‘आप्पांकडून’.