फूझी वीस मिनिटांत होत नाही

फूझी या चिनी औषधी कंदाच्या काढ्यावरचा तुमचा लेख चांगला आहे, पण त्यातलं ‘फूझी बाकीच्या औषधांबरोबर वीस मिनिटं उकळा’ हे वाक्य कृपया बदला, ते जिवावर बेतू शकतं.

फूझी म्हणजे आपल्या वचनागाच्या जातकुळीतल्या झाडाचे, मुख्य कंदाला बाजूने फुटणारे लहान कंद. चीनमध्ये सिच्वानच्या च्यांगयौ भागातली फूझी नावाजलेली. कच्च्या कंदात अकोनिटिन हे जहाल विष असतं. बाजारात येण्याआधी कंद खारवणीत मुरवतात, आतपर्यंत शिजवतात, उभे कापतात, पाण्यात ठेवून मीठ काढतात आणि वाफवतात. त्यानंतरही थोडं विष उरतंच.

म्हणून चकत्या आधी एकट्या उकळायच्या, किमान 30 ते 60 मिनिटं, आणि मगच बाकीची औषधं घालायची. मात्रा जास्त असेल तर वेळही जास्त. चिनी औषधकोशात रोजची मात्रा 3 ते 15 ग्रॅम आहे. उकळताना अकोनिटिनचं विघटन होऊन कितीतरी कमी विषारी द्रव्यं तयार होतात. मात्र त्याला वेळ आणि सतत उकळी दोन्ही लागतं. गडबड होते ती इथेच: चकत्या जाड असतात, पाणी आटतं, वर गार पाणी ओतलं की उकळी मोडते. पाणी सुरुवातीलाच भरपूर घ्या. मद्यात मुरवणं तर टाळाच, त्यात विष उतरतं पण मोडत नाही.

ओठ-जीभ बधिर झाली, हातापायांना मुंग्या आल्या की काढा लगेच बंद करून थेट रुग्णालय गाठा. हृदयाचे ठोके बिघडतात आणि यावर उतारा नाही. आणि हे सगळं वैद्याच्या देखरेखीतच, गरोदरपणात तर अजिबात नको.