‘बटण दाबलं की झालं’ म्हणणाऱ्या वाचकांना

स्वतःच्या आवाजाचे तुकडे जोडून रचना कशी करायची, या माझ्या लेखाखाली एका वाचकांनी लिहिलंय: “अहो ताई, सॉफ्टवेअरमध्ये बटण दाबलं की झालं, यात कसलं संगीत? आधी नीट सा लावायला शिका. हे परदेशी खूळ गडकरी रंगायतनला तिकीट काढून कोण ऐकणार? आणि महागडा माइक कशाला, फोनवरही होतं. असो, हौस म्हणून ठीक आहे.”

टीका खुशाल करा. पण ‘हौस म्हणून ठीक आहे’ ही पाठीवरची थाप नको. गिटार घेऊन बसलेल्या पुरुषाला हे वाक्य ऐकवताना मी अजून कुणाला पाहिलेलं नाही. आणि सा म्हणाल तर मी विशारद आहे. तानपुऱ्याची जवारी बिघडली की मला पहिल्या छेडीला कळतं. तेवढं पुरे.

आता ते बटण. कोणतं, ते एकदा सांगाच.

‘ठाणे’ हा एकच शब्द घ्या. माइक तोंडापासून वीतभर लांब, रेकॉर्डिंगची सेटिंग 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, सगळ्यात मोठा आवाज उणे 12 डेसिबलच्या वर जाऊ द्यायचा नाही. खिडकी घोडबंदर रोडकडे असेल तर 80 हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचा आवाज गाळणारा फिल्टर) लावा. अवजड गाड्यांची धडधड बरीचशी त्याच्या खाली असते आणि बाईच्या आवाजाचं तिथे काही नसतं. मग ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉलस्ट्रेच हा आवाज लांबवणारा इफेक्ट उघडून शब्द दहापट ताणा. दाबा तुमचं बटण. मिळेल नुसतं धुकं. पॉलस्ट्रेच आवाजाचे लहान लहान भाग पाडून त्यांतल्या फेज (लहरींची एकमेकींशी असलेली जुळणी) विस्कटून टाकतं, त्यामुळे ‘ठ’चा स्फोट आणि त्यामागचा श्वास विरघळून जातो. ज्या कंगोऱ्यासाठी तो शब्द निवडला, तोच गेला!

म्हणून ‘ठ’ आधी कापून वेगळ्या ट्रॅकवर जसाच्या तसा ठेवायचा आणि ताणायचा तो फक्त ‘आ’. पण बोलताना तो ‘आ’ जेमतेम पाव सेकंदाचा, आणि पॉलस्ट्रेचचं टाइम रिझोल्यूशन, म्हणजे त्या एकेका भागाची लांबी, मुळात असते 0.25 सेकंद. तुकडा त्याहून लहान असला तर ते चालतच नाही. रिझोल्यूशन 0.1 वर आणलं तर चालतं, पण सूर खडबडीत होतो. त्यापेक्षा तोच ‘आ’ त्याच पट्टीत दोन-तीन सेकंद लावून वेगळा रेकॉर्ड करावा. लावताना जरा हललात, तर ते हलणं दहापट लांब होऊन ऐकू येतं. म्हणजे सा लावता यावाच लागतो, साहेब. ‘ण’ त्याहून चिवट: जीभ टाळूवरून सुटेपर्यंतच तो ‘ण’ असतो, ताणल्यावर नाकातला हुंकार तेवढा उरतो. मी तो टाकत नाही, खालच्या थराला छान बसतो.

लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा, कापताना आवाजाची लाट जिथे शून्यातून जाते तिथेच कापायचं (ऑडॅसिटीत झेड दाबा, घ्या, हे एक बटण), नाहीतर दर फेरीला जोडावर टिक वाजते. तरीही वाजली तर 5 ते 10 मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या, म्हणजे एक टोक विरताना दुसरं चढू द्या. एक लूप 7 सेकंदांचा आणि दुसरा 7.1 चा ठेवला, तर दोघांची सम पुन्हा जुळायला 497 सेकंद लागतात, म्हणजे सव्वाआठ मिनिटं. 7 आणि 7.5 घेतलेत तर 105 सेकंदांतच सम येऊन मोकळी. हे सॉफ्टवेअर ठरवत नाही. असे आठ वेगवेगळे थर चढवले की पातळी साधारण 9 डेसिबलने वाढते. प्रत्येक थर आधीच खाली घेतला नसेल तर आवाज फाटतो.

आणि बटणाचीच ॲलर्जी असेल तर अमेरिकन संगीतकार ॲल्विन लुसिए यांची रीत आहे. त्यांनी 1969 मध्ये स्वतःचं बोलणं खोलीत वाजवून पुन्हा टेप केलं, ती टेप वाजवून पुन्हा टेप केली, शब्द पुसून खोलीचे सूर उरेपर्यंत. आपल्या फ्लॅटमध्ये हे बेडरूममध्ये करू नका. गादी, पडदे आणि कपडे सगळा आवाज पिऊन टाकतात. टाइल्सचं बाथरूम घ्या. 5 बाय 7 फुटांचं असेल तर ते साधारण 115 आणि 82 हर्ट्झला गुंजतं, शिवाय त्यांच्या पटींत. छोट्या स्पीकरला 82 झेपत नाही, त्यामुळे हाती लागतात त्या वरच्या पटी. एक्झॉस्ट बंद. मॉनिटरिंग (रेकॉर्ड होणारा आवाज लगेच स्पीकरवर ऐकणं) बंद, नाहीतर शिट्टी सुटते. लॅपटॉप बॅटरीवर चालवा. चार्जरमधून 50 आणि 100 हर्ट्झची घरघर शिरली तर ती दर फेरीला चढत जाते आणि शेवटी तुमच्या आवाजाऐवजी वीजच ऐकू येते.

रंगायतनच्या तिकीटविक्रीबद्दल मी बोललेच नव्हते. परदेशी खुळाचं म्हणाल तर अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत 1969 मध्येच मूग सिंथेसायझर आणि टेपयंत्रांसह इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला होता. पुढे.

फोनचं मात्र मान्य. फोनवर होतं, महागडा माइक लागतोच असं नाही. फक्त नेहमीचं रेकॉर्डर ॲप नको. वेव्ह फाइल देणारं, गेन (माइकची पातळी) हाताने ठरवू देणारं आणि नॉइज सप्रेशन बंद करता येईल असं घ्या. नाहीतर बाथरूममधली विरत जाणारी आस गोंगाट समजून फोनच कापून टाकतो, आणि दुसऱ्या फेरीला वाजवायला काही शिल्लकच राहत नाही.