कोरफड जेलमधल्या ‘कार्बोमर’बद्दल थोडा खुलासा

कोरफड जेलमध्ये ‘कार्बोमर’ नावाचं प्लास्टिक असतं, ते बेंझिनपासून बनतं आणि त्वचेतून रक्तात जाऊन कॅन्सर करतं, असा एक मेसेज फिरतोय. त्यात खऱ्याला खोट्याची बेमालूम फोडणी दिलेली आहे.

कार्बोमर कृत्रिम पॉलिमर (छोटे रेणू जोडून बनलेल्या लांब साखळ्यांचा पदार्थ) आहे, हे खरं. पण तो बनतो ॲक्रिलिक ॲसिडपासून. बेंझिन हा त्याचा कच्चा माल नाही. ही पांढरी, हलकी पूड पाण्यात भिजवून अल्कली (आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ) घातली की तिच्या साखळ्यांवर ऋणभार येतो, त्या एकमेकींना ढकलत पसरतात आणि पाणी घट्ट होतं. अर्धा टक्काही पुरतो. साखळ्या एकमेकींना जोडलेल्या असल्याने रेणू इतका अवाढव्य होतो, की तो धड त्वचेत शिरत नाही.

मग बेंझिन आलं कुठून? काही जुन्या प्रकारांत पॉलिमर तयार करताना ते द्रावक (ज्यात बाकीचे पदार्थ विरघळवतात तो द्रव) म्हणून वापरत आणि त्याचा अंश पुडीत उरे. बेंझिनमुळे माणसात कॅन्सर होतो, हे सिद्ध आहे. म्हणून ही काळजी पोकळ नाही. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) डिसेंबर 2023मध्ये औषधांतला असा कार्बोमर बदलण्याबाबत मार्गदर्शन काढलं. बेंझिनऐवजी इथिल ॲसिटेट आणि सायक्लोहेक्झेन हे द्रावक वापरून केलेले प्रकार कधीचेच बाजारात आहेत.

वेष्टनावर मात्र बेंझिन वापरलेल्या आणि न वापरलेल्या, दोन्ही प्रकारांचं नाव ‘कार्बोमर’च. त्यामुळे शंका असेल तर उत्पादकाला द्रावक कोणता, एवढंच विचारा.