हिवाळ्यात बोलणारे पोट

नागपूरचा उन्हाळा सर्वांना नकोसा असला तरी मला तो सोयीचा वाटतो. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास घुटमळू लागला की आमच्या कार्यालयातले कूलर दिवसभर असे घरघरतात, की शेजारच्या टेबलावरचा माणूस काय म्हणतो तेही धड ऐकू येत नाही आणि त्या घरघरीत माझ्या पोटाचा आवाज सुखाने बुडून जातो. माझी परीक्षा सुरू होते ती डिसेंबरात. शहरात विधिमंडळाचे अधिवेशन भरते, कूलर केव्हाच बंद झालेले असतात, बैठकांना ऊत येतो, आणि साहेब एखादा आकडा आठवण्यासाठी क्षणभर थांबले, की माझे पोट आधी बारीक कुरकुरून आणि मग खालच्या पट्टीत लांबलचक गुरगुरून आपले म्हणणे मांडते.

‘काहून भाऊ, वहिनींनी आज डबा नाही दिला का?’ असे कोणीतरी कुजबुजते, आणि सारी सभा माझ्याकडे दुष्काळग्रस्ताकडे पाहावे तशी पाहते.

वास्तविक मी सकाळी तर्री-पोहे रिचवून आलेलो असतो, आणि ते जठरातून पुढे सरकल्यावरच हा कार्यक्रम सुरू होतो. पचन चालू असताना जठराचे खालचे दार एक-दोन मिलिमीटरपर्यंत बारीक झालेलेच कण पुढे सोडते. त्यामुळे तर्रीतल्या हरभऱ्याची चिवट साले मागे राहतात. मग पोट रिकामे असेपर्यंत साधारण दर दीड-दोन तासांनी जठरातून आकुंचनांची एक जोरकस लाट निघते आणि सुमारे सहा मीटर लांबीच्या लहान आतड्यातून हळूहळू शेवटापर्यंत जाते. मंगल कार्यालयात पंगत उठताच जसा झाडू फिरतो, तशीच ही लाट उरलेसुरले पुढे ढकलते आणि जिवाणूंना तिथे तळ ठोकू देत नाही. आतली हवा आणि पाचक रस एकत्र ढवळले गेल्यामुळे आवाज होतो, आणि तो दाबायला आत अन्न नसल्यामुळे चांगला घुमतो. म्हणजे सभेला जी उपासमार ऐकू येते, ती प्रत्यक्षात स्वच्छता मोहीम असते; परंतु हे बैठकीत उभे राहून कोणी सांगावे?

लोकांना तरी दोष कसा द्यावा? 1912 साली अमेरिकेत वॉल्टर कॅनन यांनी आपल्या वॉशबर्न नावाच्या विद्यार्थ्याला रबरी फुगा गिळायला लावून जठराची आकुंचने नोंदवली आणि भुकेची कळ त्यांच्याबरोबरच येते असे दाखवून दिले. (मार्गदर्शकांना नाही म्हणता येत नाही, ही अडचण जुनीच दिसते.) पुढे जठर काढून टाकलेल्या रुग्णांनाही भूक लागते हे कळले, तरी आमच्या कार्यालयात अजून 1912 सालच चालू आहे.

आवाज दाबून धरावा म्हटले, तर तिथे आपली सत्ता चालत नाही. घास गिळण्याची सुरुवात आणि अगदी शेवटचा दरवाजा एवढेच काय ते आपल्या इच्छेने चालते. मधल्या मुलुखात आतड्यांच्या भिंतींतले कोट्यवधी चेतातंतू मेंदूला फारसे न विचारता कारभार हाकतात. श्वास रोखणे, पोट आत ओढणे, खुर्ची मुद्दाम करकरवणे हे सारे उपाय मी करून पाहिले. खुर्चीमुळे एवढेच झाले, की आवाज दोन झाले.

खात्रीचा उपाय एकच: काहीतरी खाणे, कारण अन्न आत येताच ही लाट थांबते. फुटाणे नेले, तर ते चावण्याचा आवाज पोटावर मात करू लागला. म्हणून आता खिशात संत्रे ठेवतो. त्याला आवाज नसतो, वास मात्र असतो, आणि तो लपवणे नागपूरकराच्या हातात नाही. मागच्या बैठकीत मी टेबलाखाली साल काढताच साहेबांनी कागदावरची नजर न उचलता तळहात पुढे केला, आणि मला अर्धे संत्रे त्यांच्या स्वाधीन करावे लागले.