कांद्याच्या रसाने मोतीबिंदू विरघळतो म्हणे!

व्हॉट्सॲपवर फिरणारा निरोप असा: कांदा, लिंबू आणि मधाचे थेंब डोळ्यात घाला, पडदा विरघळून पाण्यावाटे निघून जाईल. माकडं नैसर्गिक खातात, म्हणून त्यांना मोतीबिंदू होत नाही. पुराव्याला एक आजोबा, जे आता बिनचष्म्याने पेपर वाचतात.

‘पडदा.’ नाकाच्या बाजूने बुबुळावर सरकतो तो वडस. बुबुळावरचा पांढरा डाग म्हणजे फूल. मोतीबिंदू या दोन्हींच्या मागे, बाहुलीआडच्या भिंगात असतो. तिथे वर काही चढलेलं नसतं, भिंगच गढूळ झालेलं असतं.

‘विरघळतो.’ भिंगाचा साधारण तिसरा हिस्सा प्रथिनांचा, त्यातली बहुतेक क्रिस्टलिन नावाची. प्रकाश अडू नये म्हणून आतल्या पेशींनी आपलं केंद्रक केव्हाच टाकून दिलेलं असतं, त्यामुळे तिथे नवी प्रथिनं बनत नाहीत. सत्तरीतल्या माणसाच्या भिंगाचा गाभा त्याच्या जन्माआधीचा असतो. बिघडू लागलेल्या प्रथिनांना सावरून धरण्याचं काम अल्फा-क्रिस्टलिनचं. गाभ्यातला त्याचा मोकळा साठा चाळिशी-पन्नाशीत संपत येतो. प्रथिनांना ऑक्सिडीकरणापासून वाचवणारं, बाहेरच्या थरात बनणारं ग्लुटाथायोनही त्याच सुमारास गाभ्यापर्यंत पुरेसं पोचेनासं होतं. मग प्रथिनांमध्ये गंधकाचे बंध जुळतात, गठ्ठे होतात आणि प्रकाश विखुरतो. शिवाय माणसाच्या आणि माकडाच्या भिंगात ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून बनलेले, अतिनील किरण शोषणारे रेणू असतात. वयाबरोबर ते मोडून प्रथिनांना कायमचे चिकटतात. भिंग आधी पिवळं, मग तपकिरी होतं ते त्यामुळेही. हे रासायनिक बंध आहेत, धुऊन निघणारा मळ नव्हे. प्रथिनांचे असे गठ्ठे सोडवतो म्हणून लॅनोस्टेरॉल या रेणूचा 2015 साली बराच गाजावाजा झाला होता. पण भारतात शस्त्रक्रियेने काढलेले मोतीबिंदूचे गाभे त्याच्या द्रावणात 6 दिवस बुडवून ठेवले, तरी फरक पडला नाही. थेंबाची गत तर त्याहून वाईट: डोळ्यात जेमतेम 30 मायक्रोलिटर मावतं, उरलेलं गालावर. नेहमीच्या औषधी थेंबांतलंही सहसा 5 टक्क्यांहून कमी औषध बुबुळापलीकडे जातं.

‘पाण्यावाटे.’ कांदा झोंबला की पाणी येणारच, त्यात मोतीबिंदूचा कणही नसतो. लिंबाच्या रसाचा सामू 2 ते 3, म्हणजे बुबुळ भाजतं. त्यात निर्जंतुक न केलेला मध. जखम चिघळली तर फूल पडतं, आणि ते मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेने जात नाही.

‘माकडांना होत नाही.’ होतो. पाळलेल्या ऱ्हीसस माकडांमध्ये विशी ओलांडल्यावर मोतीबिंदू दिसतो. जवळचं पाहण्याची क्षमता त्याआधीच घटत जाते. जंगलात त्या वयापर्यंत जगणारी माकडं थोडी.

राहिले आजोबा. ते खोटं बोलत नाहीत. गाभा घट्ट झाला की त्याचा वक्रीभवनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याची ताकद, वाढतो आणि डोळा लघुदृष्टीकडे झुकतो. जवळचं काही काळ बिनचष्म्याने दिसतं, दूरचं मात्र धूसर होतं. म्हणजे मोतीबिंदू वाढतोय! आजोबांना समोरून येणाऱ्या एसटीची पाटी वाचायला सांगा, आणि चष्म्याचे जुने-नवे कागद शेजारी ठेवा. दूरचा नंबर उणे बाजूला सरकत असेल, तर बाहुली मोठी करून भिंग तपासून घ्या.