म्यूलर म्हणजे फक्त २०१७ नंतरची चौकशी नव्हे

रॉबर्ट म्यूलर, म्हणजे एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेचे माजी संचालक आणि २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीतल्या रशियन हस्तक्षेपाची २०१७ पासून चौकशी करणारे वकील, यांच्यावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यांच्या आयुष्यातला मला सर्वांत मोठा वाटणारा भाग त्यात एका ओळीत उरकलाय, म्हणून लिहितोय.

प्रिन्स्टन विद्यापीठातला त्यांचा लॅक्रॉस या खेळाच्या संघातला मित्र डेव्हिड हॅकेट १९६७ मध्ये व्हिएतनाममध्ये मारला गेला. ते पाहून माणूस मागे फिरेल, हे मरीन कोअरमध्ये भरती झाले! (लेखात आर्मी म्हटलंय; मरीन कोअर हे अमेरिकेचं वेगळं सैन्यदल, तेवढी दुरुस्ती करावी.) व्हिएतनाममध्ये प्लाटूनचं (सैनिकांच्या छोट्या तुकडीचं) नेतृत्व केलं, एप्रिल १९६९ मध्ये मांडीत गोळी लागली, बरे होऊन पुन्हा कामावर रुजू झाले. मग व्हर्जिनिया विद्यापीठातून कायद्याची पदवी आणि सरकारी वकिली.

खरी गोष्ट पुढे आहे. १९९० ते १९९३ अमेरिकेच्या न्याय खात्याच्या फौजदारी विभागाचे ते प्रमुख होते. लॉकरबी विमानस्फोटाचा (१९८८ मध्ये स्कॉटलंडवर प्रवासी विमान बॉम्बने उडवलं गेलं, त्याचा) खटला त्यांच्याच काळात दाखल झाला. नंतर खासगी वकिली, भरपूर पैसा. आणि १९९५ मध्ये ते सगळं सोडून वॉशिंग्टनमध्ये खुनाचे खटले चालवणारा साधा सरकारी वकील! पन्नाशी ओलांडलेला, इतकं मोठं पद भूषवलेला माणूस पुन्हा पोलिसांचे कागद चाळत, साक्षीदारांना धीर देत बसतो. त्या शहरात तेव्हा खुनांचं प्रमाण भयंकर होतं, मरणारे बहुतेक गरीब कृष्णवर्णीय तरुण. त्यांच्या खटल्यांना असा वकील मिळाला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

एफबीआयचं संचालकपद त्यानंतरचं, ४ सप्टेंबर २००१. पुढच्याच आठवड्यात न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले. लेखकाने या १९९५ च्या निर्णयावर स्वतंत्र लिहावं, ही विनंती.